निळ्या बुचाच्या दोन नळ्या

"निशाणीलगून भरनी नई, तर ती नळी फेकी दे. माणूसनी माया वाटनी, तर त्याना दुसरा हातले टोच. पण अपुरी नळी पुढे धाडानी नई, पोर."

जळगावच्या लॅबमध्ये माझा पहिला दिवस होता आणि हिलाल नाना मला हे सांगत होते. नाना तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निळ्या बुचाच्या नळीवर एक बारीक रेघ असते. तिच्यावर नख ठेवून त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवली. मनात म्हटलं, जुन्या माणसांना नियमांची हौसच असते… नखभर रक्त कमी पडलं तर असं काय बिघडतं?

आता तो प्रश्न आठवला की मी हातातली नळी पुन्हा उजेडात धरून रेघ बघते.

मी दिपमाला. माहेर एरंडोल, आणि आता राहतेही एरंडोललाच, आईजवळ. बी.एस्सी. झाले, लग्न झालं, भूमिका झाली. ती दीड वर्षाची असताना भूपेंद्रला, माझ्या नवऱ्याला, डेंग्यू झाला. रोज सकाळी रिपोर्ट यायचा, रोज प्लेटलेटचा आकडा खाली. पाचव्या दिवशीचा रिपोर्ट आणायला कुणी गेलंच नाही. त्यानंतर मी लॅबचा कोर्स केला. लोकांना वाटलं, पोटासाठी. पोटासाठी तर होताच. पण ते आकडे कुठून येतात, तेही मला एकदा बघायचं होतं.

तेव्हापासून मी अशीच आहे. भूमिका झोपेत खोकली की उठून बसते. तिच्या पायावर लाल ठिपका दिसला की बोटाने दाबून रंग जातो का ते बघते. आई म्हणते, "पोरगीले बघस का तपासस वं तू?" मला अजून त्यातला फरक नीट सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. धुळ्याच्या एका दवाखान्यात सारिका मॅडम, लिव्हरच्या डॉक्टर, एक अभ्यास करत होत्या. लिव्हर खराब झालेल्या माणसाचं रक्त गोठेल की वाहत राहील, हे सांगणाऱ्या दोन तपासण्या समोरासमोर ठेवून बघायच्या. पहिली जुनी, आमच्या लॅबमधली. रक्तातला पिवळा द्रव वेगळा करायचा, तो गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून आयएनआर नावाचा आकडा काढायचा. धडधाकट माणसाचा एकच्या आसपास येतो. दुसरी नवी, धुळ्यातल्या मशीनवरची. तिच्यात अख्खं रक्त ठेवतात आणि गुठळी कधी धरते, किती घट्ट होते, त्याची आकृती पडद्यावर उमटत जाते.

जळगावकडचे पेशंट दर पंधरवड्याच्या बुधवारी आमच्याकडे यायचे. प्रत्येकाच्या निळ्या बुचाच्या दोन नळ्या. एक आमच्या मशीनला, दुसरी चार तासांच्या आत धुळ्याला. ती पोचवायचं काम माझं होतं, नऊच्या बसने.

पहिल्याच बुधवारी बसच्या खिडकीची काच अर्ध्यात अडकली होती. बाहेर भुरभुर पाऊस, माझी डावी बाही भिजत होती आणि मांडीवर नळ्यांचा डबा. शेजारी एक उंच माणूस येऊन बसला. खांदे उतरलेले, पोटावर शर्ट ताणलेला, डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीची झाक.

"जागा बदलायची का?" त्याने विचारलं.

"नको. मी भिजले तर चालेल, डबा भिजायला नको. आणि हलायलाही नको."

"एवढं काय आहे डब्यात? जेवण म्हणावं तर वास नाही…"

"रक्त आहे."

तो हळूच झाकणाकडे वाकून, "कुणाचं?"

"बारा जणांचं. त्यात तुमचंही असेल."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. कपाळाला आठी घातली. "जरा… 'मूठ आवळा' म्हणा बघू."

"काय?"

"म्हणा तर खरं."

"मूठ… आवळा."

"तुम्हीच!" तो हसला. "सकाळी मास्क होता. नुसते डोळे दिसले, आणि तेही माझ्या हाताकडे लागलेले."

"हाताकडे नाही, शिरेकडे. हात बघायला वेळ कुठे असतो?"

"आता आहे की," तो समोर बघत म्हणाला. "धुळं यायला अडीच तास."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पावसाचा एक थेंब गालावरून ओघळला, तो पुसायचं मला भान राहिलं नाही.

त्याचं नाव योगराज. सावद्याजवळच्या गावात त्याची केळीची बाग. घरात वडील, म्हणजे आबा, आणि तो, दोघंच. कावीळ ब लहानपणीच अंगात शिरली होती. कुठल्या सुईतून, कुणालाच माहीत नाही. कळलं तेव्हा लिव्हर आकसून गेलं होतं. पोटात पाणी व्हायचं, आणि त्या ताणाने बेंबीपाशी हर्निया आला होता. त्याचं ऑपरेशन धुळ्याचे सर्जन करणार होते, म्हणून तोही त्याच बसला.

"लिव्हर म्हटलं की लोक आधी तोंडाचा वास घेतात," तो म्हणाला. "ठरलेल्या लग्नाचे सोयरेसुद्धा. मी थेंबही घेत नाही हे पटवायला आबांनी नारळावर हात ठेवला. नारळ सोयऱ्यांनी खाल्ला आणि लग्न मोडलं."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"हसा हो. मी ते हसण्यासाठीच सांगतो. रडून सांगितलं की लोक केळी घेऊन भेटायला येतात… केळीवाल्याच्या घरी."

एरंडोलला बस पाच मिनिटं थांबते. त्या बुधवारी, आणि पुढे दर खेपेला, आई भूमिकाला घेऊन स्टँडवर आली. मी खिडकीतून तिच्या कपाळाला हात लावला, अंग गरम नाही ना ते बघितलं. भूमिका माझ्याकडे बघतच नव्हती.

"तू कोण?" तिने योगराजला विचारलं.

"मी पेशंट."

"आईने तुला टोचलं?"

"आज सकाळीच."

"रडला?"

"थोडा. आतल्या आत."

"मी मोठ्याने रडते," भूमिका म्हणाली. "मग लवकर बरं वाटतं."

बस हलली. पारोळा गेल्यावर तो म्हणाला, "तुमची पोरगी डॉक्टर होणार."

धुळ्याला सारिका मॅडमनी त्याला त्याच्याच रक्ताची आकृती दाखवली. आधी एक सरळ रेघ. मग ती दुभंगली, दोन्ही बाजूंनी फुगत गेली आणि पुढे निमुळती होऊ लागली.

"हे तर केळफूल आहे! आडवं ठेवलेलं," तो म्हणाला.

"छान भरलेलं केळफूल," मॅडम हसल्या. "तुमचा आयएनआर एक पूर्णांक आठ. त्यावरून वाटेल रक्त पातळ आहे, हात लावला तर थांबणार नाही. पण लिव्हर रक्त गोठवणारे पदार्थ बनवतं, तसे गोठू न देणारेही तेच बनवतं. ते दुबळं झालं की तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात… काटा मध्येच राहू शकतो. जुनी तपासणी एकाच पारड्याकडे बघते."

"मग तिला सोडून का देत नाही?"

"माझ्या म्हणण्यावर कोण सोडेल? साठ पेशंट होऊ देत. सध्या तुमचे सर्जन आकड्यावरच चालतात, आणि त्यांचंही चूक नाही."

दुसऱ्या वेळी तो बसमध्ये आधी चढून बसला होता. खिडकीची अडकलेली काच ओढून घेऊन फटीत त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला होता. मी बसले, बाही कोरडी राहिली. काही गोष्टींचे आभार मानले की त्या लहान होतात.

तिसऱ्या वेळी मी त्याला टोचायला वाकले, तेव्हा तो म्हणाला, "आज मास्क काढा ना."

"नियम आहे."

"मग डोळे वर करा. तेवढा तरी नियम मोडा."

मी डोळे वर केले… आणि सुई शिरेत सहज गेली. त्याला कळलंसुद्धा नाही. म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, "केव्हाच." माझे कान तापले होते. त्या दिवशी बसमध्ये त्याने विचारलं, भूमिकाला काय आवडतं, ती कशाला घाबरते, तिचे बाबा तिला आठवतात का. भूपेंद्रबद्दल एवढं शांतपणे मला कुणी कधीच विचारलं नव्हतं. लोक एकतर टाळतात, नाहीतर उसासा टाकतात. मी पारोळ्यापर्यंत बोलत राहिले. त्याने मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही.

आई स्टँडवरून बसच्या खिडकीत बघत होती ती उगाच नाही. घरी आल्यावर तिने भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, "दिपा, कोन शे तो?"

"पेशंट शे, माय."

"पेशंट तर कितला येतस. त्यानासंगेच जेवणाना डबा का उघडस तू?"

मी ताटं मांडायला घेतली. आई थोड्या वेळाने तव्याकडे बघत म्हणाली, "आजारी माणूस शे ना, पोर…" आणि भाकरी उलटली.

मग तो चौथा बुधवार आला.

आदल्या दिवशी त्याच्या पोटातलं पाणी काढलं होतं. चेहरा ओढलेला, शिरा बसून गेलेल्या. नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते. मी उजव्या हाताला टोचलं. पहिली नळी हळूहळू निशाणीपर्यंत भरली. ती धुळ्याची म्हणून बाजूला ठेवली. दुसरी भरत आली… आणि रक्त थांबलं. रेघेच्या चांगलं बोटभर खाली.

"दुसरा हात देऊ?" त्याने विचारलं.

त्याने बाही वर केली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत निळा-जांभळा, आधीच्या दवाखान्यातल्या टोचण्यांनी माखलेला. तो हात त्याने माझ्यापुढे असा धरला, जसं लहान मूल काहीतरी दाखवायला धरतं.

"टोचा की. तुम्ही टोचलेलं मले दुखत नाही."

माझा हात उठला नाही.

मी कापूस दाबला, पट्टी लावली. "राहू दे. पुरेल एवढं."

पुरणार नव्हतं. निळ्या नळीच्या तळाशी रक्त गोठू न देणारं मोजून मापून घातलेलं औषध असतं. रक्त कमी पडलं की ते औषध जास्त होतं, आणि चांगलं रक्तही गोठायला उशीर लावतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, नानांकडून दोनदा ऐकलं होतं. लॅबमधल्या नव्या मुलीच्या हातात मी ती नळी दिली आणि नऊची बस पकडली.

धुळ्याला पोचले तोवर रिपोर्ट सारिका मॅडमच्या फोनवर आला होता. आयएनआर दोन पूर्णांक नऊ. आणि पडद्यावर आकृती अगदी आधीसारखीच, भरलेली.

"दिपमाला, बघ हे! एकाच सकाळचं, एकाच हाताचं रक्त. आकडा म्हणतो माणूस धोक्यात, आकृती म्हणते काहीच झालेलं नाही. हेच तर दाखवायचं आहे आपल्याला!" मग त्या थांबल्या. "नळी बरोबर भरली होती ना?"

त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगते. नोकरी. भूमिकाची शाळा. नानांचं नख, त्या रेघेवर ठेवलेलं. आणि बाहेर बाकावर बसलेला योगराज, ज्याला मला सांगावं लागणार होतं की तुझी दया आली म्हणून…

"हो, मॅडम," मी म्हटलं.

येताना तो शेजारी नव्हता. सर्जननी आकडा बघून त्याला ठेवूनच घेतलं होतं. ऑपरेशन शनिवारी, त्याआधी प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या त्या पिवळ्या द्रवाच्या, पिशव्या चढवून आकडा खाली आणायचा असं ठरलं. मी स्वतःला समजावलं, बरंच झालं की. डॉक्टरांच्या नजरेखाली राहील. काळजी करणारी माणसं स्वतःशी फार सफाईने खोटं बोलतात.

शुक्रवारी सकाळी अकराला त्याचा आवाजी निरोप आला.

"दिपमाला… दोन झाल्या. अजून चार आहेत म्हणे. लिंबाच्या सरबतासारखं दिसतं… साखर मात्र नाही." तो हसला. पण त्या हसण्याच्या मध्ये श्वास होता. दोन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. "थोडी धाप लागते… बाकी झकास."

मी तो निरोप तीनदा ऐकला. शब्द नाही, श्वास ऐकले. अंगात आधीच पाणी साठलेल्या माणसाच्या शिरेत आपण आणखी पाणी ओततोय… माझ्या एका आकड्यापायी.

सारिका मॅडमना फोन लावला, उचलला नाही. योगराजला लावला. आबांनी उचलला.

"पोरी, त्याले बोलता येत नाही. उठून बसला आहे. तिसरी पिशवी लावली आता. काय करू मी?"

"आबा, सिस्टरकडे द्या फोन. आत्ता."

सिस्टर आल्या. मी म्हटलं, "पिशवी थांबवा. बुधवारचा रिपोर्ट चुकीचा आहे."

"कोण बोलतंय?"

"रक्त मी काढलं होतं. नळी अपुरी भरली होती. मला माहीत होतं, तरी पाठवली."

"असं फोनवरून मला नाही थांबवता येत हो ताई. डॉक्टरांना सांगा."

"मग डॉक्टरांना द्या. आणि माझं नाव लिहून घ्या."

मी पूर्ण नाव सांगितलं, भूपेंद्रच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर. लॅबमधल्या सगळ्यांचे हात थांबले होते. नवी मुलगी माझ्याकडे बघत होती. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, "लेखी द्याल?" मी म्हटलं, "बसमध्ये बसतेय. हातात आणून देते."

पिशवी बंद झाल्याचा आबांचा फोन एरंडोल यायच्या आत आला. स्टँडवर आई आणि भूमिका नव्हत्या. बुधवार नव्हता ना. खिडकीतून रिकाम्या स्टँडकडे बघून मला पहिल्यांदा रडू आलं.

वॉर्डात त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं होतं. सारिका मॅडम खाटेपाशी उभ्या होत्या. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ही केस मी अभ्यासातून काढते आहे," त्या म्हणाल्या. "मी ती दोघा-तिघांना अभिमानाने दाखवली होती. ते राहू दे. मी तुला विचारलं होतं, दिपमाला. सरळ विचारलं होतं."

"हो."

"मग आता काढ रक्त. माझ्यासमोर."

मी मास्क आणि हातमोजे चढवले. योगराज माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं. नळी, रेघ, माझं "हो मॅडम". सांगताना माझा आवाज कुणा दुसरीचाच वाटत होता.

त्याने माझ्या हातमोज्यांकडे बघितलं.

"मले टोचायला तुझा हात उठेना म्हणून?" त्याने विचारलं.

"हो."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठीच."

त्याने मास्क थोडा बाजूला केला. आता त्याच्या ओठांवर विनोद नव्हता. "माझ्यावर दया करणारी माणसं गावभर आहेत, दिपमाला. मला पाणी आणून देतात, मागे फिरून कुजबुजतात. तू तशी नाहीस असं वाटलं होतं. म्हणून तर त्या बसची वाट बघायचो." श्वास. "मला टोचणारं माणूस पाहिजे. दोनदा लागलं तर दोनदा."

आणि त्याने डावा हात पुढे केला, तोच निळा-जांभळा.

मी टोचलं. शीर निसटली. त्याने डोळे मिटले, ओठ दाबला. मी पुन्हा टोचलं. पहिली नळी भरली, दुसरीही. रेघेपर्यंत, रेघेला टेकून. माझ्या डोळ्यांतलं पाणी मास्कच्या आत उतरत होतं आणि हात अजिबात हलत नव्हता. त्याने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं, हलकेच, नाडी बघितल्यासारखं.

"रडला का?" मी विचारलं.

"या खेपेला बाहेरून," तो म्हणाला.

आयएनआर एक पूर्णांक नऊ आला. आकृती भरलेली. सर्जननी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुष्कळ वेळ बघितले. सारिका मॅडम त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. फुप्फुसातलं पाणी उतरायला चार दिवस गेले. मग ऑपरेशन झालं, आणखी एकही पिशवी न चढवता. रक्त जिथे थांबायला हवं, तिथे थांबलं.

मला लॅबने महिनाभर घरी बसवलं. परत गेले तेव्हा नाना काळा चष्मा लावून आले होते. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी एका म्हातारीला माझ्यासमोर आणून बसवलं, जिची शीर कुणालाच सापडत नव्हती. म्हणाले, "टोच." एवढंच.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी योगराजने मला विचारलं. आबा औषधं आणायला गेले होते. तो पायऱ्यांवर बसला होता, पोटाला पट्टा.

"मी किती वर्षं असेन, ते कुठल्याच मशीनवर दिसत नाही. दोन, पंधरा, काय माहीत. तरी विचारतो. तू आणि भूमिका… माझ्या घरी याल?" आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेच, "उत्तर घाईत नको. मले वाट बघायची सवय आहे."

मी उत्तर दिलं नाही. तेव्हा नाही, दिवाळीत नाही, संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला तेव्हाही नाही. आईने तर स्वतःहून सांगितलं, आपल्यात विधवेचा गंधर्व, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, आजोबांच्या बहिणीचा लागला होता, लोक काय म्हणतील ते मी बघते. मला लोकांचं भय नव्हतंच. मला त्या पाचव्या दिवशीच्या रिपोर्टचं भय होतं. एकदा जिने तो आणला नाही, तिने पुन्हा त्या दारात जाऊन उभं राहायचं? आणि या वेळी भूमिकाचा हात धरून? गेल्या सालची होळी गेली, पाऊस गेला, यंदाची संक्रांतही गेली. तो दर आठवड्याला फोन करायचा आणि ते सोडून सगळं बोलायचा.

आता फाल्गुन आहे. भूमिकाला कांजिण्या आल्यात. आईने दारावर कडुनिंबाचा डहाळा लावलाय, भूमिका अंगभर ठिपके घेऊन पडली आहे आणि मी तिचे हात धरून बसते, खाजवू नये म्हणून. योगराजला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत. सारिका मॅडमनी सक्त सांगितलंय, शेवटची खपली पडेपर्यंत त्याच्या घराकडे फिरकायचं नाही. आज बारावा दिवस.

परवा त्याने फोनवर विचारलं, "भूमिका कशी आहे?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "भूमिका कशी आहे?" काल दुपारी दोनदा लावला, दोन्ही वेळा झोपेतून उठला. विचारलं, तब्येत? म्हणाला, मस्त. आबांना विचारलं. आबांना कमी ऐकू येतं, ते म्हणाले, "हो हो, कांदे काढले." लिव्हर थकलं की रक्तातलं विष डोक्यात चढतं, आणि त्याची सुरुवात अशीच होते. मॅडमना मी कळवलंय. त्या म्हणाल्या, कुणीतरी प्रत्यक्ष बघायला हवं. मी उद्या सकाळी जाणार होते, दारातूनच बघून आले असते. पण रात्रीपासून भूमिकाला पुन्हा ताप आहे.

आणि या बारा दिवसांत मला एक कळलं. मी हो म्हटलं नाही म्हणून माझी भीती तसूभरही कमी झाली नाही. ती त्याच्याबरोबर आधीच नांदते आहे. मीच तेवढी एरंडोलला राहिले आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी सावद्याकडून रावेरच्या रस्त्याने जाणार असाल, तर वाट थोडी वाकडी करा. गावात शिरताना केळीच्या बागेला लागून हिरव्या दाराचं घर आहे, तोताराम आबांचं म्हणा, कुणीही दाखवेल. योगराजला हाक मारा. तो विनोद करेल, त्यावर जाऊ नका. त्याला आजचा वार विचारा. दोन्ही हात पुढे पसरायला सांगा आणि बोटं थरथरतात का ते बघा. तो विचारलेलं पुन्हा विचारतो का, ते ऐका. काहीही वेगळं वाटलं तर त्याचं काही ऐकू नका, गाडीत घाला आणि धुळ्याला सारिका मॅडमकडे घेऊन जा.

आणि तो शुद्धीत, नीट, तुमच्याकडे बघत असेल… तर सांगा, दिपमालेने हो म्हटलंय. माझ्याही आधी सांगा. पण आधी त्याला बघा.